गोळी, पुडी आणि वाटीभर दही

पत्र

मॅडम, नमस्कार. माझी मुलगी 26 वर्षांची आहे. पुण्यात नोकरीला होती. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिचं खाणं, झोप, बोलणं सगळं आटत गेलं. आंघोळीलासुद्धा उठवावं लागायचं. आम्ही तिला विट्याला घरी आणलं. सांगलीच्या डॉक्टरांनी नैराश्य सांगून एस्सिटॅलोप्रॅमची गोळी सुरू केली. त्याला आठ महिने झाले. गेले साडेतीन महिने ती चांगली आहे. घरून काम करते, भावाशी भांडतेसुद्धा.

माझ्या वन्सं ठाण्याला असतात. त्यांनी मुलीला व्हिडिओ पाठवले, की माणसाचा दुसरा मेंदू पोटात असतो, मनःस्थितीशी जोडलेलं सिरोटोनिन नावाचं रसायन 95 टक्के आतड्यात तयार होतं, नैराश्य हा मुळात पोटाचा आजार आहे आणि गोळ्यांची सवय लागते. पाठोपाठ चांगल्या जिवाणूंच्या पुड्या आल्या. महिन्याचे 4,800 रुपये, तीन महिने घ्यायच्या. मुलीने मला न सांगता गोळी एक दिवसाआड केली आणि पुडी सुरू केली. तीन आठवडे झाले. तिला चक्कर येते, डोक्यात मध्येच विजेचा झटका बसल्यासारखं होतं, चिडचिड वाढली आहे. वन्सं म्हणतात, विष बाहेर पडतंय, थोडी कळ काढ.

आणखी एक. त्या मला म्हणाल्या, ‘तू तिला ब्रेड-नूडल्सवर वाढवलंस, म्हणून पोट बिघडलं आणि पोटातून डोकं.’ मी अंगणवाडीत होते, सकाळी लवकर बाहेर पडायचे. जमेल ते डब्यात द्यायचे. माझ्या स्वयंपाकामुळे हे झालं का? तुम्ही कॉलेजात जंतू शिकवायचात, म्हणून तुम्हालाच विचारते. – एक आई, विटा

उत्तर

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापाशी मी बराच वेळ अडले. त्याकडे येणारच आहे, पण घाई दुसऱ्या गोष्टीची आहे.

आजच सांगलीच्या डॉक्टरांना फोन लावा. पुढच्या तारखेची वाट पाहू नका. गोळी किती मिलिग्रॅमची, दिवसाआड कधीपासून, चक्कर आणि झटके कधीपासून, एवढं सांगा आणि पुडीवर छापलेल्या घटकांच्या यादीचा फोटो पाठवा. चुकलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून दोन-दोन देऊ नका, आणि वैतागून सगळंच बंदही करू नका. गोळी पुन्हा रोज कशी सुरू करायची, हे त्यांना विचारून, आजच्या आज.

विषबिष काही बाहेर पडत नाहीये. एस्सिटॅलोप्रॅमचं रक्तातलं प्रमाण साधारण तीस तासांत निम्म्यावर येतं. रोज घेतली की पातळी बऱ्यापैकी टिकून राहते. दिवसाआड घेतली की 48 तासांत ती तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उतरते, गोळी घेतली की पुन्हा चढते, पुन्हा उतरते. आठ महिने एका पातळीला सरावलेल्या मेंदूला हा झोपाळा सोसत नाही. चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं, चिडचिड, चित्रविचित्र स्वप्नं ही त्याची अगदी नेहमीची लक्षणं आहेत. म्हणून तर हे औषध थांबवायचं असतं तेव्हा डॉक्टर रोजची मात्राच थोडी थोडी कमी करत आणतात, काही आठवडे, कधी काही महिने. एक दिवस पूर्ण आणि एक दिवस उपास, असं करत नाहीत. याला व्यसन म्हणता येत नाही. व्यसनात माणूस जास्त मागतो, गोळी कुठे मिळेल म्हणून धडपडतो. तुमची मुलगी तर ती टाळायला बघतेय.

घटकांची यादी मागितली त्याला कारण आहे. ‘मूड’साठी विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये कधीकधी जिवाणूंच्या जोडीला 5-एचटीपी (शरीर ज्यापासून सिरोटोनिन बनवतं ते रसायन) किंवा सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घातलेली असते. दोन्हींचा परिणाम सिरोटोनिनवर होतो, आणि तिची गोळीही तेच काम करते. यातलं काहीही गोळीबरोबर पोटात गेलं तर मामला जिवावर बेतू शकतो. अंग थरथरणं, दरदरून घाम, ताप, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं तर फोनवर चर्चा करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि ‘मी नसते तर बरं झालं असतं’ अशा वळणाचं बोलणं कानावर आलं, तर तिला एकटी सोडू नका, डॉक्टरांना कळवा. रात्री-अपरात्री कुणी भेटलं नाही तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आता मुलीशी बोलायचं कसं. तिनं लपवलं म्हणून तुम्हाला राग आला असेल, भीतीही वाटली असेल. पण तिच्या जागेवरून पाहा. सव्वीस वर्षांची मुलगी, रोज रात्री आईसमोर मनाच्या आजाराची गोळी घेते. बरं वाटायला लागलं की ती गोळी एवढीच आजाराची खूण उरते. तेवढ्यात कुणी येऊन सांगतं, तुझं डोकं ठणठणीत आहे, बिघाड पोटात आहे. पोटाच्या आजाराची लाज कुणाला वाटते? मला तर वाटतं, त्या पुडीतून तिनं जिवाणू विकत घेतलेच नाहीत, लाजेतून सुटका विकत घेतली. म्हणून ‘का लपवलंस’ने सुरुवात करू नका. ‘गोळी नको असं कधीपासून वाटतंय?’ असं विचारा आणि मग गप्प बसा. या गोळीनं काहींचं वजन वाढतं, काहींची झोप उडते, काहींची शारीरिक इच्छा कमी होते, आणि हे शेवटचं कुठलीही मुलगी आईला सांगणार नाही. तिला डॉक्टरांशी एकटीनं बोलू द्या. तुम्ही बाहेर बाकावर बसा.

आता व्हिडिओंविषयी. एकतीस वर्षं मी पोरांना जंतूच शिकवले, मनोविकार हा माझा प्रांत नव्हे. पण आतडं आणि मन यांच्या नात्यावर गेल्या वीस वर्षांत जे संशोधन झालं, त्याची सुरुवात माझ्याच विषयातून झाली. त्यामुळे सगळं थोतांड आहे असं म्हणून मोकळं होणं मला जमणार नाही. वन्संनी पाठवलेल्या व्हिडिओतलं निम्मं खरं आहे. अडचण उरलेल्या निम्म्याची आहे.

2004 साली जपानमधल्या क्यूशू विद्यापीठातल्या संशोधकांनी असे उंदीर वाढवले, ज्यांच्या अंगात एकही जिवाणू नव्हता. जन्मापासून निर्जंतुक पिंजरा, निर्जंतुक हवा, निर्जंतुक दाणा. या उंदरांना थोडा वेळ कोंडून ठेवलं, की त्यांच्या शरीरात ताणाची संप्रेरकं नेहमीच्या उंदरांपेक्षा कितीतरी जास्त उसळायची. मग त्यांच्या आतड्यात बिफिडोबॅक्टेरियमची एक जात सोडली, आणि ते उसळणं आटोक्यात आलं. पोटात जंतू नाहीत म्हणून डोकं घाबरतं! तो शोधनिबंध हाती आला तेव्हा स्टाफरूममध्ये चहा गार होईपर्यंत आम्ही त्यावर भांडलो होतो.

2011 साली आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या गटानं पुढची पायरी चढली. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा जेबी-1 नावाचा वाण त्यांनी उंदरांना खाऊ घातला. उंदीर कमी घाबरायला लागले, पाण्यात टाकले तर लवकर हार मानेनात. मग पोटातून मेंदूकडे जाणारी व्हेगस नस कापली, आणि परिणाम गायब. म्हणजे जंतू पोटात बसून त्या नसेवाटे वर निरोप धाडत होते. याच गटातल्या दोघांनी, टेड डिनन आणि जॉन क्रायन यांनी, 2013 मध्ये एका सहकाऱ्याबरोबर ‘सायकोबायोटिक’ हा शब्द काढला. आज तोच शब्द पुड्यांवर मिरवतो.

व्हिडिओ इथपर्यंत येऊन थांबतात. गोष्ट मात्र पुढे जाते. त्याच कॉर्कच्या मंडळींनी तोच जेबी-1 वाण 29 निरोगी पुरुषांना चार आठवडे देऊन पाहिला. ताण, चिंता, झोप, स्मरणशक्ती, कशातच नुसत्या दिखाऊ, आत जंतू नसलेल्या पुडीपेक्षा काडीचाही फरक पडला नाही. हे त्यांनी 2017 मध्ये स्वतःच छापलं. आपल्याच लाडक्या जंतूविरुद्ध छापलं, याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटतं. त्याच साली न्यूझीलंडमध्ये मन खचलेल्या 79 जणांवर दुसऱ्या दोन जातींची जोडी वापरून पाहिली. तिथंही हाती भोपळा.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगतो, तरी पदवीधरही विसरतात. प्रयोगशाळेतले उंदीर एकाच वंशाचे, एकाच पिंजऱ्यातले, रोज तोच दाणा खाणारे. माणसाच्या आतड्यात अंदाजे 38 लाख कोटी जिवाणू, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींच्या थोडेसे वरच. (जंतू पेशींच्या दहापट असतात असं मीही कित्येक वर्षं फळ्यावर लिहिलं. 2016 मध्ये इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी नीट हिशेब मांडला आणि माझं वाक्य पुसावं लागलं.) एवढ्या भरल्या गावात पुडीतून आलेले पाहुणे बहुधा चार दिवस राहतात आणि निघून जातात.

आता वन्संच्या बाजूचा पुरावाही सांगते, नाहीतर मी लबाडी केल्यासारखं होईल. लंडनच्या किंग्ज कॉलेजनं 2023 मध्ये एक लहान चाचणी प्रसिद्ध केली. नैराश्याचे 49 रुग्ण, काहींना 14 वाणांचं मिश्रण, काहींना दिखाऊ कॅप्सूल, आठ आठवडे. मिश्रण घेणाऱ्यांचं नैराश्य आणि चिंता दोन्ही जास्त उतरले. ही बातमी बऱ्याच ठिकाणी फिरली, पण तिच्यातली एक ओळ वाटेत गळाली. त्या चाचणीतले सगळे रुग्ण नैराश्याच्या गोळ्या घेत होते आणि त्यांनी त्या चालूच ठेवल्या होत्या. गोळीनं पुरतं बरं वाटत नव्हतं, म्हणून जोडीला जंतू दिले. गोळी काढून जंतू दिले, असं तिथं कुणी केलं नाही. संशोधकांनी स्वतःच ही प्राथमिक चाचणी म्हणून मांडली आहे, मोठी चाचणी व्हायला हवी.

सिरोटोनिनचंही असंच. शरीरातलं नव्वद टक्क्यांवर सिरोटोनिन आतड्यात असतं हे खरंच आहे, आणि काही जिवाणू ते बनवायला आतड्याच्या पेशींना चिथावतात, हे 2015 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेनं उंदरांत दाखवलं. पण आतड्यातलं सिरोटोनिन मेंदूत शिरूच शकत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जी चाळणी आहे ती त्याला अडवते. मेंदू आपलं सिरोटोनिन आपल्या घरी बनवतो. आतड्यातलं आतड्याच्या हालचालीला लागतं, म्हणून तर गोळी सुरू केल्यावर पहिले आठ-दहा दिवस काहींना मळमळतं. 95 टक्क्यांचा आकडा सांगायचा आणि ही चाळणी गाळायची, म्हणजे धरणात पाणी आहे म्हणून तुमच्या नळाला येणारच असं म्हणणं. विट्यात राहून तुम्हाला हे मी वेगळं सांगायला नको.

पुडीविषयी माझ्या विषयातली एकच गोष्ट सांगते, तेवढी पुरे. जंतूच्या जातीचं नाव पुरेसं नसतं, वाण महत्त्वाचा. जसं नुसतं ‘ज्वारी’ म्हणून भागत नाही, मालदांडी की संकरित हे विचारावं लागतं. पहिल्या महायुद्धात आल्फ्रेड निस्ले या जर्मन डॉक्टरला एक सैनिक भेटला. आजूबाजूचे जुलाबानं आडवे झालेले, हा धडधाकट. त्याच्या विष्ठेतून निस्लेनं ई. कोलायचा एक वाण वेगळा काढला, तो आजही औषध म्हणून वापरतात. त्याच ई. कोलायचा ओ157:एच7 हा वाण मात्र मूत्रपिंडं निकामी करून माणूस मारू शकतो. नाव एकच, आडनाव एकच. म्हणून पाकिटावर लॅक्टोबॅसिलस अमुक इतकंच लिहिलेलं असेल आणि पुढे वाणाचा क्रमांक नसेल, तर आत नेमकं कोण बसलंय हे सांगता येत नाही. पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या जोडीला सूक्ष्मजीवांचा मोठा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथं एकेका वाणाला क्रमांक देऊन जपून ठेवतात, ते उगाच नाही. दुसरं, पाकिटावर कुठंतरी बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाचं इंग्रजी वाक्य असेल, शोधा. आहारपूरक म्हणून विकायचं तर ते छापावंच लागतं. व्हिडिओत आजार बरा करणारी पुडी पाकिटावर मात्र कबूल करते, की मी औषध नाही.

जंतूंनी आजार बरा होतच नाही, असंही नाही. प्रतिजैविकांच्या माऱ्यानंतर आतड्यात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू माजतो आणि पुन्हा पुन्हा जुलाब होतात. अशा रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू देतात, आणि तो उपाय खरोखर लागू पडतो. अमेरिकेत 2022 आणि 2023 मध्ये त्याच्या दोन तयार औषधांना रीतसर परवानगी मिळाली. तेवढा पुरावा नैराश्याच्या बाबतीत जमला, तर हेच सदर मी उलटं लिहीन.

गोळीवरचे आक्षेप मुलीच्या मनात असतील, तेही बघू. 2022 मध्ये लंडनच्या जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास चाळून लिहिलं, की सिरोटोनिन कमी झाल्यानं नैराश्य येतं याला सुसंगत पुरावा नाही. समाजमाध्यमांवर त्याचा ‘ध’चा ‘मा’ झाला: गोळ्या खोट्या. आजाराचं कारण ठाऊक नसणं आणि औषध लागू न पडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. डोकं दुखतं ते अंगात पॅरासिटामॉल कमी पडलं म्हणून नव्हे, तरी पॅरासिटामॉलनं ते थांबतं. नैराश्याच्या 21 औषधांवरच्या 522 चाचण्या, एक लाख सोळा हजारांवर रुग्ण, असा मोठा गोषवारा 2018 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. सगळी औषधं दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली. फार नाही, पण ठरली. जादू नाही, आणि तुमच्या मुलीला तिचा उपयोग झालाय हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

गोळी जन्मभर घ्यायची का? बहुतेकदा नाही. पहिल्याच खेपेला सहसा पूर्ण बरं वाटायला लागल्यापासून निदान सहा महिने ती चालू ठेवतात. आठ महिने मोजायचे नसतात, मोजायचे ते बरे दिवस. तुमच्याकडे ते साडेतीन महिने झालेत. 2021 मध्ये इंग्लंडमधली एक चाचणी छापून आली. बरीच वर्षं गोळ्या घेत असलेल्या, बरं वाटणाऱ्या 478 जणांपैकी निम्म्यांच्या गोळ्या हळूहळू बंद केल्या. वर्षभरात बंद केलेल्यांपैकी 56 टक्क्यांना आजार उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी 39 टक्क्यांना. हे दोन्ही आकडे मुलीसमोर ठेवा. बंद केल्यावर शंभरातले 44 जण नीट राहिले, हेही त्यात आहे. तिला भीती घालू नका, तिच्या हाती आकडे द्या. सव्वीस वर्षांची पोर आहे, नोकरी करते, तिला हिशेब कळतो. गोळी कधी आणि कशी सोडायची याची तारीख तिनं डॉक्टरांबरोबर बसून ठरवावी. तारीख डोळ्यांसमोर असली, की लपवाछपवी आपोआप कमी होते.

आणि आता एक गोष्ट, जी त्या 4,800 रुपयांच्या पुडीनं सांगितली नाही. तुम्ही शाकाहारी आहात का? पत्रात नाही. डॉक्टरांना विचारून मुलीचं ब 12 जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या, आधी झालं नसेल तर. ब 12 कमी पडलं, की थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा आणि मन खचणं, हे सगळं होऊ शकतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं 2006 मध्ये पुणे परिसरातले पुरुष तपासले, तेव्हा साधारण दोन-तृतीयांशांमध्ये ब 12 कमी निघालं. शाकाहार हे त्यातलं मोठं कारण होतं.

आणि गंमत बघा. ब 12 झाडं बनवत नाहीत, प्राणी बनवत नाहीत, बनवतात ते फक्त सूक्ष्मजीव. गाईच्या पोटातले जंतू ते बनवतात, म्हणून दुधात ते थोडं उतरतं. या रेणूची रचना डोरोथी हॉजकिन यांनी 1956 मध्ये उलगडली. तो प्रयोगशाळेत रसायनांपासून बांधायला वुडवर्ड आणि एशेनमोझर यांना शंभराच्या आसपास सहकारी आणि दहा-बारा वर्षं लागली, 1972 मध्ये जमलं. पण ती वाट इतकी लांबची होती, की कुणी तिनं धंदा केला नाही. आजही जगभर ब 12 मोठमोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवूनच काढतात. दवाखान्यात टोचतात ते लालभडक इंजेक्शन आठवतं? ती जंतूंची कमाई. मनाला उपयोगी पडणारे जंतू हवेच असतील, तर हे बघा, कमतरता निघाली तर थोड्याशा पैशांत काम करतात. ब 12 भरून निघालं म्हणजे नैराश्य गेलं, असं मात्र समजू नका. गोळी गोळीच्या जागी.

आता तुमचा प्रश्न. तुमच्या डब्यामुळे हे झालं का?

नाही.

नैराश्य असलेल्यांच्या आतड्यात काही जातींचे जंतू कमी सापडतात, हे खरं आहे. बेल्जियममध्ये हजारावर लोकांच्या तपासणीत 2019 मध्ये जंतूंचे दोन गट तसे निघाले. पण आधी काय झालं? तुमच्याच पत्रात बघा: ‘खाणं, झोप, बोलणं सगळं आटत गेलं.’ आजारी माणूस कमी खातो, एकसुरी खातो, हिंडत-फिरत नाही. मग पोटातले जंतू बदलणारच. चिखल झाला म्हणून पाऊस पडला, असं कुणी म्हणत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा एक-तृतीयांशाच्या थोडा वर दिसतो. बाकी एकटेपणा, कामाचा ताण, झोप, आयुष्यातले धक्के, आणि पुष्कळसं असं, जे एकेका माणसाच्या बाबतीत कधीच उलगडत नाही. सकाळी घाईत दिलेल्या ब्रेडच्या तुकड्यापासून वीस वर्षांनंतरच्या नैराश्यापर्यंत रेघ ओढून दाखवेल, असं संशोधन मी तरी पाहिलेलं नाही. आणि एक विचारू? तेव्हा घरात आणखी कुणी पोळी लाटू शकत होतं ना? तुमच्या यजमानांच्या हातांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्यांच्या पोरांना अंगणवाडीत खाऊ घालणाऱ्या बाईला तिच्याच स्वयंपाकघरात आरोपी म्हणून उभं करायचं, हे मला बिलकूल पटलेलं नाही.

पुढे काय खावं याला मात्र अर्थ आहे. ऑस्ट्रेलियात 2017 मध्ये नैराश्याच्या 67 रुग्णांवर एक चाचणी झाली. बहुतेकांचे इतर उपचार चालूच होते. ज्यांना डाळी, भाज्या, फळं, मासे, सुकामेवा असा आहार बारा आठवडे शिकवला, त्यांच्यापैकी साधारण तिघांतला एक नैराश्यातून बाहेर आला. ज्यांच्याशी नुसत्या गप्पा मारल्या, त्यांच्यात शंभरातले आठ. चाचणी लहान, आणि आपण काय खातोय हे रुग्णाला दिसतंच, त्यामुळे फार ताणायला नको. पण भाकरी, उसळ, पालेभाजी, शेंगदाणा यांत गमावण्यासारखं काय आहे? दही-ताक जरूर असू द्या. कढी उकळली, इडली-आंबोळी शिजली, की त्यातले जंतू मेले, हे जाता जाता सांगते, पण म्हणून ते पदार्थ वाया जात नाहीत. घरच्या विरजणात कुठले वाण आहेत हे मला सांगता येणार नाही, प्रत्येक घरचं वेगळं. ते औषध म्हणून खायचं नाही, जेवण म्हणून खायचं. एवढं मात्र करा, तिच्या ताटाकडे टक लावून बसू नका. प्रत्येक घास उपचार झाला, की जेवणाची चव जाते.

वन्संचं काय करायचं? त्या लबाड आहेत असं मला वाटत नाही. भाचीवर जीव आहे, म्हणून स्वतःचे पैसे घालून पुड्या धाडल्या. पैसे त्यांनीच घातले असं मी धरून चालते आहे. तुमच्या खात्यातून गेले असतील तर उरलेली दोन महिन्यांची ऑर्डर आजच थांबवा. त्यांच्याशी तुम्ही वाद घालू नका, भावजय बोलली की ती वादाची गोष्ट होते. फोन तुमच्या यजमानांनी करावा, त्यांची बहीण आहे. बोलणं एवढंच: ‘ताई, डॉक्टरांनी गोळी रोज घ्यायला सांगितलीय. पुडी आम्ही त्यांना दाखवली आहे, ते म्हणतील तसं. औषधाबद्दल पोरीला परस्पर काही पाठवू नकोस. बाकी रोज फोन कर, तिला तुझ्याशी बोलायला आवडतं.’ शेवटचं वाक्य गाळू नका. घरात बसलेल्या मुलीला आत्याचा फोन हवाच असतो, फक्त त्यातून डोस यायला नको.

पुडी डॉक्टरांनी चालेल म्हटलं आणि मुलीला हवीच असेल, तर गोळीबरोबर घेऊ दे, माझी हरकत नाही. पैसे वाया जातील, एवढंच बहुधा होईल. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांनी मात्र असले जंतू आपल्या मनानं घेऊ नयेत.

राहता राहिलं, तुमचं स्वतःचं. पत्राच्या मागच्या बाजूला, कच्च्या हिशेबात, तुम्ही औषधांची यादी लिहिली होतीत. पाठवायची नसावी, चुकून आली. त्यात ‘मेटफॉर्मिन – मी’ असं आहे. मधुमेहाची ही गोळी बरीच वर्षं घेतली, की ब 12 हळूहळू उतरू शकतं. मुलीचं रक्त काढायला जाल तेव्हा तुमचाही हात पुढे करा. आणि त्या दिवशी उपाशीपोटी यायला सांगितलं असेल, तर परतताना दोघी मिळून कुठेतरी मिसळ खा. पावासकट.